घरचं माणूस दुसऱ्या खेपेला

घनसावंगीच्या स्टँडवर बद्रीनाथची काळीपिवळी कुठं उभी आहे हे कुणाला विचारावं लागत नाही. आवाजावरून कळतं. "अंबड, अंबड, बसली की निघाली," असं तो सकाळपासून ओरडत असतो, आणि जीप बसली तरी निघत नाही. कारण ती भरली असं बद्रीनाथला कधी वाटतच नाही. मधल्या सीटवर चार जण झाले की तो म्हणतो, जरा सरका, पाचवा काय परका आहे का. पाचवा बसला की सहावा कुणाचा तरी पाहुणा निघतो, आणि पाहुण्याला नाही कसं म्हणायचं? शेवटी गाडी निघते तेव्हा बद्रीनाथ स्वतः अर्धा दाराबाहेर असतो. पोलीस दिसले की मात्र अख्खा आत येतो. कसा येतो ते त्याचं त्यालाच माहीत.

एवढ्यावरून कुणी त्याला लबाड समजेल, तर तसं काही नाही. माणूस मोठा भला. दवाखान्याची औषधं, लग्नाच्या पत्रिका, कुणाचा विसरलेला चष्मा, लेकीला माहेरचा निरोप, सगळं त्याच्या गाडीतून बिनबोभाट पोचतं. म्हातारं माणूस रस्त्याकडेला दिसलं की त्याचा पाय आपोआप ब्रेकवर जातो. बद्रीभाऊ कुणाला वाटेत टाकून आला, असं आजवर कुणी म्हटलेलं नाही, आणि कुणी म्हणू नये याचीच त्याला भारी काळजी. लोक काय म्हणतील हा त्या जीपचा खरा मालक. बद्रीनाथ नुसता ड्रायव्हर.

या काळजीतूनच त्याच्या गाडीचा एक कायदा झाला होता. घरचं माणूस शेवटी. बायको मीना माहेरी निघाली की जागा असेपर्यंत बसायची. वाटेत कुणी हात केला की बद्रीनाथ मागं वळून नुसता बघायचा, आणि मीना पिशवी उचलून मुकाट उतरायची. "येतो की दुसऱ्या खेपेला," तो म्हणायचा. आणि यायचाही बरं का. उशिरा का होईना, यायचा. पण तोवर ती बिचारी फाट्यावरच्या लिंबाखाली बसून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करून मोकळी झालेली असायची.

लेक तृप्ती दहावीच्या पेपराला निघाली तेव्हाही असंच झालं. तापानं फणफणलेलं लेकरू घेऊन एक बाई रस्त्यात उभी होती. बद्रीनाथनं मागं वळून पाहिलं आणि तृप्ती उतरली. बाईचं लेकरू वेळेवर दवाखान्यात पोचलं. तृप्ती केंद्रावर पोचली तोवर पेपर वाटून झाले होते. बाईनं गावभर बद्रीभाऊचे गुण गायले. तृप्ती घरी येऊन काहीच बोलली नाही. पोरगी काहीच का बोलत नाही हे मीनाला बराबर कळलं. बद्रीनाथला वाटलं, समजूतदार आहे.

ही समजूतदार पोरगी आता जालन्यात नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. एकदा तिच्या फोनवरून तिची मैत्रीण मोनाली सहज बोलली आणि विचारून बसली, काका, तुमच्या एकूण गाड्या किती? बद्रीनाथला काही उमगेना. मग हळूहळू उलगडा झाला, की कॉलेजात तृप्तीनं 'वडील ट्रान्सपोर्टमध्ये आहेत' असं सांगून ठेवलंय. तो फोनवर मोठ्यानं हसला. खोटं काय आहे त्यात, काळीपिवळी म्हणजे ट्रान्सपोर्टच, असं मीनालाही दोनदा सांगितलं. पण त्याला लागलं ते लागलंच. त्या दिवसापासून त्याला जगात एकच गोष्ट पाहिजे होती. पोरीनं एकदा चारचौघांत, तिच्या मॅडमांसमोर म्हणावं, हे माझे वडील. बस्स.

अशात तहसीलचा निरोप आला. मोठा अपघात झाला तर सगळ्या खात्यांनी मिळून काय करायचं, याची रंगीत तालीम ठरली होती. एसटी आणि उसाची ट्रॉली यांची टक्कर झाली असं समजायचं. पोलीस, अग्निशमनचा बंब, एकशे आठची ॲम्ब्युलन्स, दवाखाना, होमगार्ड, एसटीवाले, सगळे येणार. आणि काळीपिवळीवालेही पाहिजेत असा हट्ट धरला होता सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर साधना मॅडमनी. त्यांचं म्हणणं, खऱ्या अपघातात पोलिसांच्या आधी आणि ॲम्ब्युलन्सच्याही आधी तिथं पोचते ती जीप. हे ऐकून स्टँडवरचे सगळे ड्रायव्हर एका दिवसात ताठ चालायला लागले. जखमी म्हणून जालन्याच्या नर्सिंगच्या मुली येणार आहेत असं कळल्यावर बद्रीनाथनं पहिलं नाव दिलं.

आदल्या दिवशी मॅडमनी ड्रायव्हर लोकांना समजावून सांगितलं. नंतर आम्ही पट्ट्या बांधू, त्या म्हणाल्या. लाल म्हणजे आत्ताच्या आत्ता न्या, पिवळी म्हणजे थोडं थांबेल, हिरवी म्हणजे चालू शकतो, काळी म्हणजे संपलं. पण तुम्ही पोचाल तेव्हा कुणाच्या अंगावर पट्टी नसेल. मग ओळखायचं कसं? "जो ओरडतो त्याचा श्वास चालू आहे. जो गप्प पडलाय, त्याच्याकडं आधी जा." बद्रीनाथला हे इतकं पटलं, की संध्याकाळी चहाच्या टपरीवर त्यानं ते सगळ्यांना शिकवलं, वर चार प्रश्नही विचारले. त्याच्याच गावचे तातेराव, सोसायटीचे माजी चेअरमन, तिथं बसले होते. जखमी होणाऱ्यांना जिलेबीचं जेवण आहे असं ऐकल्यावर तेही जखमी व्हायला तयार झाले.

तालमीच्या दिवशी बद्रीनाथनं जीप धुतली, पांढरा शर्ट घातला आणि मैदानावर सगळ्यांच्या आधी जाऊन उभा राहिला. एका अंगाला भंगारातली एसटी आणि आडवी केलेली ट्रॉली. जरा लांब, शाळेच्या पटांगणात तात्पुरता दवाखाना. त्यासाठी लग्नाच्या मंडपवाल्याला सांगितलेलं, आणि त्यानं आपल्या सवयीनं झालरी लावून, दारात 'सुस्वागतम्'ची कमान उभी केलेली. जखमींना रक्त म्हणून गुळाच्या पाण्यात कालवलेलं कुंकू लावलं होतं. दिसत होतं झकास, पण माश्या आल्या. जखमी मेल्यासारखे पडून होते आणि मधूनच हात हलवून माश्या वारत होते.

अपघात वेळेवर होईना. पाहुणे आल्याशिवाय अपघात करायचा नाही असा वरून आदेश होता. तोवर बंबवाले आणि पोलीस यांच्यात कुणाची गाडी पुढं उभी राहणार यावरून गोड भाषेत भांडण चाललं होतं. शेवटी पाहुणे आले, नारळ फुटला, सत्कार झाले, आणि अपघाताचं रीतसर उद्घाटन झालं. या सगळ्या गडबडीत बद्रीनाथचं लक्ष एकीकडंच. तृप्ती एसटीच्या मागच्या चाकाजवळ जाऊन बसली होती. त्यानं हात वर केला. तिनं इकडंतिकडं बघून, कुणाला दिसणार नाही एवढीच मान हलवली. एवढ्यावरही गडी खूश.

शिट्टी वाजली, आणि मॅडम म्हणाल्या होत्या तसंच झालं. सायरन अजून घसा साफ करत होता तोवर बद्रीनाथची जीप एसटीजवळ उभी. सगळ्यात पहिली. इथवर त्याचं काहीही चुकलं नाही, हे लिहून ठेवायला हरकत नाही.

मग तातेरावांनी त्याचा दंड पकडला. पायाचा पार चेंदा झाला रे बद्री, असं ते त्याच पायावर उभं राहून ओरडत होते. त्यांच्या मागून कपाळ फुटलेला आला, हात मोडलेला आला, दोघी बहिणी रडत आल्या. सगळे आपल्या पायांनी चालत आले आणि दार उघडून बसले. बद्रीनाथच्या तोंडून आपसूक निघालं, सरका जरा, मागं सरका. वीस वर्षांची जीभ ती, ती कुणाच्या बापाचं ऐकते? बघता बघता पुढची एक सीट सोडली तर गाडी भरली.

तेवढ्यात त्याला ती दिसली. चाकाजवळ आडवी, दोन्ही हात पोटावर, डोळे उघडे, तोंडातून आवाज नाही. पोटात आतल्या आत रक्तस्राव, बोलता येत नाही, असं काम तिला दिलं होतं, आणि ती ते चोख करत होती. तोंडाला पावडर लावून तिला पांढरं फटक केलं होतं. गप्प पडलाय त्याच्याकडं आधी जा, हे त्याला आठवलं नाही असं नाही. पक्कं आठवलं. तो वाकलाही.

आणि वाकल्यावर त्यानं मान वर करून आजूबाजूला पाहिलं. तहसीलदार बघत होते. स्टँडवरचे ड्रायव्हर बघत होते. मोबाईलवर शूटिंग चालू होतं. एवढ्या लोकांत पहिली उचलली ती स्वतःची पोरगी, असं झालं तर? समोरून एक होमगार्ड हाताला फडकं गुंडाळून लंगडत येत होता, खरं तर हाताला लागलेल्या माणसाला लंगडायची काही गरज नव्हती. परका माणूस दारात उभा आणि सीट एकच.

"थांब बाई जरा," बद्रीनाथ लेकीला हळूच म्हणाला. "दुसऱ्या खेपेला आलोच."

तिला बोलायचं नव्हतं. ती नुसती बघत राहिली. होमगार्ड पुढच्या सीटवर बसला आणि जीप निघाली.

मंडपाशी जीप पोचली तेव्हा वऱ्हाड उतरावं तसे सगळे खाली उतरले. कमानीखालून आत गेले, दिसतील त्या खाटांवर जाऊन पडले. तातेरावांनी पाणी मागितलं, आणि जेवण कुठल्या बाजूला आहे तेही विचारून घेतलं. नर्सबाईंनी जीपशी येऊन विचारलं, यातला गंभीर कोण? बद्रीनाथनं एकेकाकडं पाहिलं. गंभीर असा एकही नव्हता. खाटा मात्र भरून गेल्या होत्या. मागून ॲम्ब्युलन्स आली तर खरे पेशंट ठेवायला जागा नाही, आणि मंडपाच्या दारात ही रेटारेटी. पण बद्रीनाथ ते बघायला थांबला नाही. गाडी वळवून तो परत सुटला.

रस्त्यात बंब आडवा. बंबाच्या पुढं पाहुण्यांची गाडी. हॉर्न वाजवून वाजवून तो कसाबसा एसटीपर्यंत पोचला, उतरून चाकाजवळ धावला, आणि तिथं पांढरी चादर होती. चादरीखालून एक हात बाहेर आला होता. मनगटावर काळी पट्टी बांधलेली.

खोटं आहे हे त्याला माहीत होतं. पावडर खोटी, रक्त गुळाचं, सगळं माहीत होतं. तरी तो खाली बसला आणि त्यानं चादर ओढून बाजूला केली.

"अण्णा, झाका," तृप्ती ओठ न हलवता कुजबुजली. "मी मेलेय."

चादर काढायला मनाई आहे, असं पोलीस म्हणाला. बद्रीनाथला ते ऐकूच गेलं नाही. "आत्ताच बोलून गेल्तो मी हिच्याशी," तो पुन्हा पुन्हा सांगत होता. आत्ताच तर बोलून गेल्तो. शेवटी दोघांनी त्याला धरून उठवलं. स्टँडवरचे ड्रायव्हर आधी हसत होते, मग हसायचे थांबले.

नंतर सगळे मंडपात बसले. काय बरं झालं, काय चुकलं याची चर्चा व्हायची होती. प्रत्येक खात्यानं उठून दुसऱ्या खात्याचं काय चुकलं ते सविस्तर सांगितलं. बंबवाले म्हणाले, पोलिसांनी रस्ता मोकळा ठेवला नाही. पोलीस म्हणाले, बंबच रस्त्यात होता. जिलेबीचा वास सुटला होता, आणि तहसीलदार आभार मानायला उठायच्या बेतात होते. तेवढ्यात साधना मॅडम म्हणाल्या, एक राहिलं. एसटीच्या चाकाजवळची मुलगी लाल पट्टीची होती. वेळेवर उचलली असती तर वाचली असती. आमचं पथक पोचलं तेव्हा तिची वेळ संपली होती. पण त्याच्या आधी कुणीतरी तिला पाहून गेलंय. कोण होतं?

बद्रीनाथ खाली मान घालून सतरंजीकडं बघत बसला. तातेरावांनी त्याच्या मांडीवर हात दाबला, की गप राहा, मॅडमना काय कळतंय. खरंच होतं ते. पाहिलेले सांगणार नव्हते, आणि मॅडमच्या लेखी जीपवाले दहा, शर्ट सगळ्यांचे पांढरे.

मॅडमनी तृप्तीलाच उठवलं. विचारलं, ओळखशील का त्या माणसाला? माश्या घोंगावत होत्या, मोनाली आणि सगळ्या पोरी बघत होत्या. नाही ओळखत, एवढं म्हणायला काहीच लागत नव्हतं. बद्रीनाथनं मनात देवाला हात जोडले, की हिनं न्हाई म्हणावं. ज्या एका वाक्यासाठी तो इतके दिवस झुरला, ते आज नको होतं.

"ओळखते," तृप्ती म्हणाली. "माझे वडील आहेत. घनसावंगी-अंबड काळीपिवळी चालवतात."

मंडपात चुळबुळ झाली. मॅडमनी चष्मा काढला. वडील, आणि तुलाच सोडून गेले, असं त्यांनी विचारलं, रागानं नाही, खरोखरच न समजून.

"घरचं माणूस ते शेवटी घेतात, मॅडम. लोकांनी नाव ठेवू नये म्हणून. आम्हाला सवय आहे."

तिच्या बोलण्यात राग असता तर बद्रीनाथनं तो सोसला असता. राग नव्हता. पोरगी वडलांची बाजू मांडत होती, चारचौघांत, मान वर करून, आणि त्यातल्या प्रत्येक शब्दानं त्याचा जीव अर्धा होत होता. तातेरावांचा हात बाजूला सारून तो उठला.

"मॅडम, चुकी माझी हाय," तो म्हणाला. "तुम्ही सांगितलं ते ध्यानात होतं. दुसऱ्याची पोरगी असती तर आधी उचलली असती. माझी होती म्हणून ठेवली." मग म्हणाला, "परत एकदा करा की."

तहसीलदारांनी घड्याळाकडं आणि मग आचाऱ्याकडं पाहिलं. बंबवाले म्हणाले, टाकीतलं पाणी संपलंय. पाहुण्यांना पुढं कुठं तरी आणखी एक नारळ फोडायचा होता. पण साधना मॅडम हट्टी बाई. त्या म्हणाल्या, जेवण कुठं पळून जात नाही, आणि शिट्टी घेऊन निघाल्यासुद्धा. मग काय करतात, जखमी पुन्हा आपापल्या जागी जाऊन पडले. तातेराव पडताना म्हणाले, तुझ्या पोरीपायी जिलेबी गार झाली.

शिट्टी वाजली. जीप पोचली. तातेरावांनी पुन्हा दंड धरला, पुन्हा पायाचा चेंदा. बद्रीनाथ थांबला नाही, त्यांना तसंच ओढत घेऊन गेला. "तात्या, वरडायला दम हाय ना? मंग धरा हिला पायाकडून," तो म्हणाला. माजी चेअरमन इतके चकित झाले, की पाय बरा करून कामाला लागले. दोघांनी मिळून तिला अलगद, सरळ उचललं, मधल्या सीटवर आडवं ठेवलं. कपाळ फुटलेला, हात मोडलेला, दोघी बहिणी, होमगार्ड, सगळे दाराशी आले. अहो बद्रीभाऊ, पुढं जागा आहे की, मागं जागा आहे की, असा एकच गिल्ला झाला. पोटच्या पोरीला एकटीला नेतो बघा, असंही कुणीतरी म्हणालंच. बद्रीनाथनं ते ऐकलं. कानापर्यंत लाल झाला. आणि दार लावून गाडी काढली.

मंडपात खाट रिकामी होती. मॅडमनी तृप्तीची नाडी पाहिली, पोट दाबून पाहिलं, मनगटावर लाल पट्टी बांधली. मग त्यांच्या लक्षात आलं, की पेशंटच्या डोळ्यांतून पाणी वाहतंय, कानापर्यंत ओघळ गेलेत, पावडर सगळी धुऊन निघालीय. त्या जरा कडक होऊन म्हणाल्या, तृप्ती, एवढं रक्त गेल्यावर तू आता बेशुद्ध आहेस, बेशुद्ध माणूस रडत नाही.

बद्रीनाथ खाटेच्या पायथ्याशी उभा होता. त्याला तिथून जायला सांगितलं होतं, पण तो गेला नव्हता.

"राहू द्या मॅडम," तो म्हणाला. "जित्ती हाय म्हणून रडायली."